हवेतून ऑक्सिजनचे विलगीकरण : तत्त्व आणि पद्धतींची निवड

कोरड्या हवेत आकारमानाने सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन व ०.९३ टक्के अरगॉन असतो. या वायूंचे कण आकाराने जवळजवळ सारखे असल्यामुळे ऑक्सिजन साध्या गाळणीने वेगळा होत नाही. त्यासाठी अन्य गुणधर्मांतील फरकाचा आधार घ्यावा लागतो.

१) भागशः ऊर्ध्वपातन : या पद्धतीत हवा अतिशीत करून द्रवरूप केली जाते. नायट्रोजन उणे १९६, तर ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यामुळे नायट्रोजनची वाफ वर जाते व द्रव ऑक्सिजन तळाशी साचतो. कार्ल फॉन लिंडे यांनी १९०२ मध्ये ही पद्धत यशस्वी केली. शुद्धता ९९ टक्क्यांहून अधिक मिळते; मात्र प्रकल्प मोठा व खर्चिक असतो.

२) दाब-बदल अधिशोषण : दाबाखालील हवा झिओलाइटच्या थरातून सोडल्यास त्यातील धन आयन नायट्रोजनला अधिक धरून ठेवतात व ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी करताच नायट्रोजन सुटतो आणि झिओलाइट पुन्हा उपयोगी पडतो. अरगॉन ऑक्सिजनसोबतच राहत असल्याने शुद्धता साधारणतः ९३ टक्के मिळते.

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्राला विशाखापट्टणमहून द्रव ऑक्सिजन रेल्वेने आणावा लागला. यावरून स्पष्ट होते की, पद्धत निवडताना केवळ शुद्धता पाहून चालत नाही. अंतर व वेळ हेही निकष ठरतात. रुग्णोपचारास ९३ टक्के शुद्धता चालते व झिओलाइटचा संच रुग्णालयाच्या आवारातच उभारता येतो. तथापि, तो विजेवर अवलंबून असल्याने ऑक्सिजनचा राखीव साठाही आवश्यकच ठरतो.