नाहीशा होणाऱ्या कुकी : कारणे व उपाय

शाळेच्या संगणकावर विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे काम आता खेड्यातील शिक्षकांच्याही वाट्यास आले आहे. संकेतस्थळावर नाव व संकेतशब्द देऊन प्रवेश करावा, भाषा मराठी निवडावी, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो संकेतस्थळास यांपैकी कशाचीच आठवण नसावी, असा अनुभव अनेकांस येतो. अशा वेळी दोष इंटरनेटला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा कारण त्या संगणकातच असते. ते म्हणजे ब्राउझरमध्ये साठविलेल्या कुकींचे नाहीसे होणे.

ब्राउझर व दूरचा सर्व्हर यांचा व्यवहार एचटीटीपी नावाच्या नियमांनी चालतो. या नियमांत पूर्वीच्या भेटीची आठवण ठेवण्याची सोय मुळात नव्हती. प्रत्येक मागणी नव्या माणसाने केल्यासारखीच मानली जाई. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हर ब्राउझरकडे एक लहानशी नोंद पाठवितो. ब्राउझर ती जपून ठेवतो व पुढील प्रत्येक मागणीबरोबर दाखवितो. हीच कुकी होय. पूर्वी पेढीत रोखपालाकडे पैसे घेण्यासाठी पितळी बिल्ला देत, तसाच हा प्रकार आहे. बिल्ला हरवला की ओळख पुन्हा पटवून द्यावी लागते.

कुकी दोन प्रकारच्या असतात. मुदत न लिहिलेली कुकी ब्राउझर बंद केला की सामान्यतः जाते. मुदत लिहिलेली त्या दिवसापर्यंत राहते. ही मुदतही अमर्याद नसते. क्रोम ब्राउझरने २०२२ पासून कमाल मर्यादा ४०० दिवसांची ठेवली आहे. तेव्हा काही कुकींचे जाणे हा दोष नसून नियमच आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

त्यानंतर एक गोष्ट तपासावी : विस्मरण एकाच संकेतस्थळाचे होते की सर्वांचे? एकाच संकेतस्थळाचे होत असेल, तर बहुधा तेथील सर्व्हरनेच काही वेळानंतर ओळख रद्द केलेली असते. बिल्ला हातात असतो. पण रोखपालाच्या वहीत त्याचा क्रमांक उरलेला नसतो. यावर शिक्षकाजवळ उपाय नाही. माहितीचे प्रत्येक पान भरताच जतन करावे, एवढेच करता येते.

सर्वच संकेतस्थळांचे विस्मरण होत असेल, तर पुढील कारणे क्रमाने पाहावीत.

१. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडली गेली असेल. क्रोममध्ये तिला इनकॉग्निटो म्हणतात. अशा सर्व खिडक्या बंद होताच त्यांतील कुकी पुसल्या जातात.

२. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये, बंद करताना साठविलेली माहिती पुसून टाकावी, असा पर्याय निवडलेला असेल. तो काढावा, अथवा कामाचे संकेतस्थळ अपवादांच्या यादीत घालावे.

३. संगणक स्वच्छ करणारा एखादा प्रोग्राम अथवा ब्राउझरला जोडलेले एक्स्टेन्शन कचऱ्याबरोबर कुकीही झाडून नेत असेल. त्याच्या यादीतून कुकी वगळाव्यात.

४. संगणकाची तारीख चुकलेली असेल. जुन्या संगणकातील नाण्याएवढा सेल संपला की, यंत्र सुरू होताना मागचीच एखादी तारीख धरते. कुकीची मुदत त्या तारखेपासून मोजली गेली, तर तारीख दुरुस्त होताच ती मुदत संपलेली ठरते. सेल बदलावा.

५. प्रत्येक वेळी सुरू होताना संगणक मूळ स्थितीस यावा, अशी व्यवस्था काही प्रयोगशाळांत केलेली असते. तेथे काहीच टिकणार नाही.

एका वेळी एकच बदल करावा. नंतर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा व परिणाम पाहावा. सर्व बदल एकदम केल्यास दोष गेला तरी कारण कळत नाही. वर्गात गणित चुकले असता आपण पायरी पायरीने चूक शोधावयास शिकवितो. येथेही रीत तीच आहे.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. कुकी टिकविणे नेहमीच हिताचे नसते. प्रवेशाची कुकी ज्या संगणकात राहिली, त्या संगणकावर पुढे बसणाऱ्यास संकेतशब्दावाचूनही आत जाता येते, आणि तेथे मुलांची नावे, जन्मतारखा व पालकांची माहिती असते. म्हणून अनेकांच्या वापरातील संगणकावर कुकी आपोआप पुसल्या जात असतील, तर ती व्यवस्था मोडू नये. रोज संकेतशब्द लिहिण्याचा त्रास सोसावा, आणि काम संपताच संकेतस्थळातून रीतसर बाहेर पडावे. केवळ ब्राउझरची खिडकी मिटणे पुरेसे नव्हे.