सहा टाक्यांचं अस्वल

सहा. अस्वल इथून सुरू होतं.

लोकरीचा एक सरकता फास करायचा, क्रोशाच्या सुईने त्यात सहा मुके खांब घालायचे आणि टोक ओढून फास आवळायचा. नखाएवढी गोल टिकली तयार होते. ही टिकली म्हणजे अस्वलाचं टाळकं. घुबड करायचं असेल तर घुबडाचं, पिसोरी हरीण करायचं असेल तर पिसोरीचं. नागझिऱ्याच्या रानातला जवळजवळ प्रत्येक प्राणी या सहा टाक्यांतून काढता येतो. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या घरात खिडकीला टांगायला असं छोटंसं रान विणायला घ्या. तासाभरात तुमच्या लक्षात येईल की आपण लोकरीशी कमी आणि भूमितीशी जास्त खेळतो आहोत.

आधी तो मुका खांब नीट पाहू. खालच्या टाक्यात सुई घाला आणि लोकर ओढून घ्या. सुईवर दोन फास झाले. पुन्हा लोकर घ्या आणि ती त्या दोन्हींतून काढा. उरला किती? एक. पुढचा टाका घाला, पुन्हा एकच. हजार टाके घातले तरी सुईवर जिवंत फास एकच! दोन सुयांवर स्वेटर विणताना अख्खी ओळच्या ओळ सुईवर जिवंत असते, आणि एक घर निसटलं की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात सगळ्या कापडाचा जीव त्या एका फासात असतो.

आता याहून विलक्षण गोष्ट. या सगळ्यात गाठ कुठे आहे? कुठेच नाही. प्रत्येक फास आधीच्या फासातून नुसता ओढून काढलेला आहे. शेवटचं टोक अडकवायच्या आधी सुई काढून घ्या आणि लोकर ओढा. कान, डोकं, पोट सगळं भराभर उसवत जाईल आणि हातात सरळ, अखंड धागा येईल. घट्ट, टणक, उशाला घेऊन झोपता येईल असं अस्वल गणिताच्या नजरेने एक न बांधलेला दोरा असतो. लोकरीला लोकरीचं घर्षण आणि फासांनी एकमेकांना दिलेली अडकण, एवढ्यावर ते उभं राहतं.

क्रोशा आपल्याला नवा नाही. रुखवतात मांडलेलं पोपटांचं तोरण, ताटावरचा रुमाल, टीव्हीवर घातलेली जाळी हे सगळं पाहतच आपण मोठे झालो. त्या बारीक कामाला पोलादाच्या सुया लागतात, काही तर जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या. पोलाद करताना त्यात मँगनीज घालावंच लागतं; ते लोखंडातल्या गंधकाला बांधून ठेवतं, नाहीतर तापलेलं पोलाद ठोकताना तडकतं. आणि मँगनीज म्हटलं की तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी आल्याच. त्यामुळे क्रोशाची पोलादी सुई हातात घेतली की मला त्या खाणी आठवतात.

पण तोरण सपाट असतं आणि अस्वल गोल. सुई तशीच, टाका तोच, मग एक सपाट आणि दुसरं फुगीर कशामुळे? फक्त मोजणीमुळे.

सपाट चकती विणायची तर पहिल्या फेरीत ६ टाके, दुसरीत १२, तिसरीत १८, चौथीत २४. प्रत्येक फेरीत नेमके सहा वाढवायचे. पाच वाढवले की कडा वर उचलतात, आठ वाढवले की चकतीला लाटा येतात. आजीने आईला सांगितलं, आईने मुलीला: सहा. पण सहाच का? आणि चकती ताटाएवढी झाली तरी सहाच का? एवढ्या लांब फेरीला जास्त टाके नकोत?

याचं उत्तर एका जुन्या कोड्यात आहे. विषुववृत्तावर पृथ्वीभोवती दोर घट्ट गुंडाळला आहे, सुमारे ४०,००० किलोमीटर लांबीचा. तो सगळीकडे जमिनीपासून एक मीटर वर उचलायचा आहे. दोर किती वाढवावा लागेल? शेकडो किलोमीटर? फक्त ६ मीटर २८ सेंटिमीटर. आणि संत्र्याभोवती दोरा गुंडाळून तो सगळीकडे एक मीटर दूर न्यायचा असेल तर? तेवढाच, ६ मीटर २८ सेंटिमीटर. वर्तुळ केवढंही असो, त्रिज्या एकाने वाढली की परीघ ६.२८ ने वाढतो. शाळेत पाठ केलेल्या दोन पाय आरचा अर्थ एवढाच.

मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. म्हणजे एक फेरी घातली की त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि परीघ सहा टाक्यांनी वाढायला हवा. फेरी तिसरी असो की तिसावी, वाढ तीच. वरचे ०.२८ कुठे गेले म्हणाल, तर टाका उंचीला रुंदीपेक्षा किंचित कमी असतो आणि लोकर ताण खाते. तेवढी तफावत ती गिळून टाकते. पडताळा हवा असेल तर मुक्या खांबाऐवजी साधा खांब घ्या. तो जवळपास दुप्पट उंच असतो. त्याची चकती सपाट राहायला फेरीला किती वाढवावे लागतात? बारा. विणणाऱ्या बायकांच्या बोटांत पाय असा बसलेला असतो, आणि त्या त्याला फक्त ‘सहाची वाढ’ म्हणतात.

अजून एक गंमत आहे. ते सहा वाढीव टाके दर फेरीत एकावर एक आले तर चकती गोल होत नाही, तिला सहा कोपरे फुटतात. म्हणून जाणत्या बायका वाढीची जागा दर फेरीत थोडी सरकवतात आणि षटकोनाचं वर्तुळ होतं.

आता डोकं. वाढवत वाढवत ३६ टाक्यांपर्यंत जा आणि वाढ थांबवा. चकतीच्या कडा आपोआप खाली वळतात आणि वाटी होते. पाच-सहा फेऱ्या सरळ घाला, मग जशी वाढ केली तशी घट करा: ३०, २४, १८, १२, ६. मधेच सारण भरा. झालं डोकं.

पण काटेकोर गोल हवा असेल तर? चेंडूच्या मध्यावर ३६ टाके असतील, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर त्याच्या निम्मं, म्हणजे १८ फेऱ्यांचं. प्रत्येक फेरीत किती टाके बसतील याचा हिशोब केला की आकडे येतात: ६, १२, १८, २३, २८, ३१, ३४, ३५, ३६, आणि तिथून उलट. पाहिलंत? पहिल्या तीन फेऱ्या हुबेहूब सपाट चकतीच्या. गोलाच्या माथ्याला अजून पत्ताच नाही की आपण गोल आहोत! मग वाढ हळूहळू मंदावते: सहा, पाच, तीन, एक. भोपळ्याएवढ्या गोलावर बसलेल्या मुंगीला तो सपाट वाटतो, तसंच हे.

ही मंदावत जाणारी वाढ पाहिली की आर्यभटाची आठवण होते. इ. स. ४९९ मधल्या ‘आर्यभटीया’त त्याने ‘ज्यां’चे, म्हणजे आजच्या साइनचे, २४ फरक दिले आहेत. ते २२५ पासून सुरू होतात, मग २२४, २२२, २१९, आणि असे उतरत उतरत शेवटी २२ आणि ७. आधी जवळजवळ सारखी पावलं, मग लहान, मग अगदी इवलीशी. आकाशातल्या ग्रहांच्या जागा काढायला केलेलं ते कोष्टक आणि लोकरीच्या घुबडाच्या टाळक्यातले टाके, दोन्हीकडे वक्र एकच आहे. मला यात काहीही ओढूनताणून आणलेलं वाटत नाही. गोल वस्तू जिथे असेल तिथे हे आकडे असणारच.

नेहमीच्या नमुन्यात एवढं बारीक कोणी मोजत नाही. सहा-सहा वाढवतात, मग थेट सरळ फेऱ्या. त्यामुळे विणलेल्या तुकड्याला खांदे येतात. ते गोल करण्याचं काम सारण करतं. हल्ली पॉलिस्टरचा कापूस भरतात, पण आपल्या रानातल्या काटेसावरीचा कापूस हातात घेऊन पाहा. त्याचा प्रत्येक तंतू आतून पोकळ असतो, म्हणजे मूठभर सावरीत बहुतेक सगळी हवाच. भरलेली सावर चारी बाजूंना दाब देते आणि कोपरे पुसून टाकते. फक्त टाके घट्ट हवेत, नाहीतर अस्वलाच्या पोटातून सारण डोकावतं.

सहापेक्षा कमी वाढवलं तर काय होतं? फेरीला तीनच टाके वाढवा, निमुळता शंकू होतो. हे अस्वलाचं नाकाड. आपलं अस्वल वाळवी ओढून खाणारं, त्याचं मुस्कट लांबट असतं. परदेशी नमुन्यातलं चपट्या तोंडाचं टेडी विणून त्याला आपलं अस्वल म्हणता येत नाही. तीनच्या वाढीने ते जमतं. पिसोरीचं तोंडही असंच, फक्त कमी टाक्यांचं. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारे टेकोडे, म्हणजे अळंब्या, करायचे तर माथा शंकूचा, कडेला सहाची वाढ आणि दांडा सरळ फेऱ्यांचा. एका संध्याकाळी तीन-चार होतात.

आणि सहापेक्षा जास्त? इथे खरी जादू आहे. प्रत्येक टाक्यात दोन-दोन घाला: ६, १२, २४, ४८. दहाव्या फेरीला नेहमीच्या चकतीत ६० टाके असते, इथे ३,०७२! एवढी लांब कड त्या छोट्याशा गोलात मावणार कशी? ती दुमडते, चुण्या घालते, झालरीवर झालर चढवते. अंगणातल्या कोंबड्याच्या फुलाचा तुरा असाच असतो. धानाच्या बांधावर उगवणाऱ्या कुरडूचाच हा भाऊबंद. कुरडूचं कणीस सरळ, आणि कोंबड्याची कड वाढतच सुटलेली. लाकडावरची दगडफुलंही याच कारणाने कडेला मुरडतात: मधल्यापेक्षा कड जास्त वेगाने वाढते.

या चुण्यांमागच्या प्रश्नावर गणितज्ञांनी दोन हजार वर्षं डोकं खपवलं. युक्लिडचा समांतर रेषांचा नियम जिथे चालत नाही असं एक पृष्ठ असू शकतं, हे एकोणिसाव्या शतकात बोल्याई आणि लोबाचेव्हस्की यांनी कागदावर दाखवलं. पण ते हातात धरायचं कसं? कागदाचे तुकडे चिकटवून केलेले नमुने फाटायचे. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या लॅटव्हियाच्या डायना तायमिना यांनी क्रोशाची सुई घेतली, फेरीमागून फेरी ठरावीक प्रमाणात टाके वाढवले आणि ते पृष्ठ विणूनच काढलं. विद्यार्थी ते दुमडून त्यावर रेषा शिवू लागले. एका बिंदूतून एकाच रेषेला कितीतरी समांतर रेषा! हे ज्या हातांनी केलं, त्यांना ती कला लहानपणापासून येत होती.

मग असं कापड यंत्रावर का निघत नाही? स्वेटर यंत्रावर निघतो, साडी यंत्रावर निघते. बाजारात क्रोशा म्हणून विकलं जाणारं यंत्राचं कापड प्रत्यक्षात वेगळ्याच विणीचं असतं. मुक्या खांबासाठी सुईला प्रत्येक वेळी आधीच्या टाक्यात नेमकी जागा शोधून घुसावं लागतं, आणि कापड तर हवेत वळत, फुगत चाललेलं. प्रयोगशाळांत काही नमुना-यंत्रं झाली आहेत, पण दुकानात दिसणारी खरी क्रोशाची वस्तू आजही कोणाच्या तरी बोटांतूनच आलेली असते. जत्रेत पन्नास रुपयांना मिळणारं क्रोशाचं फूलसुद्धा. भाव करताना हे आठवावं असं मला मनापासून वाटतं.

माणसाच्या हाताखेरीज एकाच धाग्यातून अशी टांगती, पोकळ वस्तू करणारं कोणी नाही का? आहे, आणि ते भंडाऱ्याच्या रानातच आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर टसरची अळी पानं खाऊन पोसते. कोश करायची वेळ आली की ती आधी डहाळीभोवती रेशमाचं कडं घालते. मग त्या कड्यापासून खाली एक टणक देठ. आणि देठाला लोंबता अंडाकृती कोश, तोही आतून, स्वतःभोवती, डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत फिरवत. शेकडो मीटर लांबीचा धागा! वर एक द्राव सोडून ती भिंत कडक करते. वाऱ्यात पान गळलं तरी कोश गळत नाही, कारण तो पानाला नाही, डहाळीला बांधलेला आहे. आपण लोकरीच्या घुबडाला टांगायला डोक्यावर साखळी घालतो. अळी ती साखळी कोशाच्या आधी करते.

हे कोश पिढ्यान् पिढ्या वाढवणारे ढिवर समाजातले लोक, आणि त्यांच्या कोशातून निघालेल्या रेशमाच्या साड्या विणणारे मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचे विणकर, दोघेही तुमसरपासून फार दूर नाहीत. करवतीच्या दात्यांसारख्या काठाची करवतकाठी साडी याच धाग्याची.

आणि अळी मोजते का? आपण बाहेरून मोजून आकार घडवतो. तिचा आकार तिच्या शरीराच्या आवाक्यातून येतो. डोकं जिथवर पोचतं तिथवर भिंत. ती वाढही करत नाही, घटही नाही, आणि मधे सारण भरायला जागाही सोडत नाही, कारण सारण ती स्वतःच आहे. आतल्या आत तिचा पतंग होतो. मग तो तोंडातून एक पाचक द्राव सोडून कोशाच्या वरच्या टोकाचा डिंक विरघळवतो, तंतू बाजूला सारतो आणि ओल्या पंखांनिशी बाहेर येऊन त्याच कोशाला धरून लोंबकळत राहतो, पंख वाळेपर्यंत.