लटकी लढाई

कल्याणची खाडी, तिच्या काठचा दुर्गाडी किल्ला आणि कल्याणच्या खजिन्याची कथा ठाणे-कल्याणच्या मुलांना परिचित आहे. याच कथेवर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२४ साली 'कल्याण खजिना' हा मूकपट काढला. त्याआधी १९२३ साली त्यांनी 'सिंहगड' पडद्यावर आणला होता. अशा चित्रपटांतील लढाई पाहणाऱ्याला खरी वाटली पाहिजे. परंतु नटाच्या अंगावर ओरखडाही उठता कामा नये. हे साधते कसे?

पडद्यावरील लढाई दोघांनी मिळून बसवलेली असते. कोणी कोणत्या पायावर पुढे यावे, तलवार कोठून उचलावी, दुसऱ्याने केव्हा मागे सरावे, हे सारे द्वंद्व बसवणारा जाणकार आधी ठरवतो. मग नट 'एक, दोन, तीन' असे मोजत त्या हालचाली अगदी सावकाश करतात. त्या अंगवळणी पडल्यावरच गती वाढते. तलवारी बोथट असतात. समोरचा सावध आहे, हे त्याच्या नजरेत दिसल्याखेरीज वार करावयाचा नाही, हा या विद्येचा पहिला नियम होय.

ठोशाची युक्ती तर आणखी गमतीची आहे. तो गालाला न लागता त्याच्यापुढून निघून जातो. कॅमेरा एकाच डोळ्याने पाहतो; तो एका नटाच्या पाठीमागे ठेवला, की मधले अंतर दिसत नाही. मार खाणारा नेमक्या क्षणी मान फिरवतो आणि ठोशाचा आवाज मागाहून जोडला जातो. म्हणजे ठोसा खरा वाटतो, तो मार खाणाऱ्याच्या कौशल्यामुळे! नाट्यगृहात मात्र डाव्याउजव्या बाजूंनी शेकडो डोळे पाहत असतात. तेथे हे अंतर लपवणे अधिक कठीण.

या कामात क्षणाची चूकही महागात पडते. १९८२ साली बंगळूर येथे 'कुली' चित्रपटातील मारामारीचे चित्रण चालू असता अंदाज चुकला आणि अमिताभ बच्चन यांच्या पोटाला गंभीर दुखापत झाली. ते मृत्यूच्या दारातून परत आले.

आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या शहरांतील हौशी तरुणही भ्रमणध्वनीवर लघुपट काढू शकतात. त्यांच्यापाशी पैसा थोडा असेल. पण जाणत्याचे मार्गदर्शन, जमिनीवर जाड गादी, भरपूर तालीम आणि 'थांबा' म्हणताच थांबण्याची शिस्त यांवाचून त्यांनी हात उचलू नये. खऱ्या लढाईत प्रतिपक्ष्यावर मात करावयाची असते. लटक्या लढाईत त्याला जिवापाड जपावयाचे असते.