रंग ऐंशी मायक्रॉनचा, अडचण चौपट

वडिलांची काळी सायकल कित्येक वर्षं गोठ्याच्या पत्र्याखाली उभी होती. जुन्नरच्या पश्चिमेकडचा पाऊस लोखंडाचं काय करतो, ते तिच्याकडे नुसतं पाहून कळत होतं. भाच्याने हट्ट धरला, म्हणून फ्रेम सुटी करून एका फॅब्रिकेशनवाल्याकडे दिली. गेट, ग्रिल, बागेचे अँगल, सगळं तो पावडर कोटिंग करून देतो. चार दिवसांनी फ्रेम परत आली ती इतकी देखणी, की शेजारचे हात लावून बघायला आले. मग पायडलांचा कप बसवायला घेतला. दीड वेढा आत गेला आणि अडला. भाचा पान्याला पाइपचा तुकडा लावून जोर करायच्या बेतात होता. त्याला थांबवलं, नाहीतर पुढचं सगळं लिहायची वेळच आली नसती.

पायडलांचा ॲक्सल फ्रेमच्या ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या आतल्या अंगाला आटे असतात. तिला मेकॅनिक मंडळी बीबी म्हणतात. दोन्ही बाजूंनी एकेक कप त्या आट्यांत फिरवून बसवायचा आणि कपांच्या आत छर्रे. आमच्या सायकलचे आटे ब्रिटिश मापाचे निघाले. व्यास १.३७ इंच आणि एका इंचात २४ आटे, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम १.०६ मिलिमीटर. या मापाला जगभर बीएसए म्हणतात. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. मुळात बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून तिच्या चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. आपल्याकडे हे नाव टीआय सायकल्समुळे घरोघरी गेलं, पण बंदुकांचा आणि सायकलचा संबंध फार थोड्यांना ठाऊक असतो.

आता रंगाचं गणित. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन भरतो. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. एवढ्याशा थराने काय अडणार, असं मलाही वाटलं होतं. कपाटाच्या दाराला खरंच काही अडत नाही. आट्याला अडतं, कारण आटा सपाट नसतो. त्याच्या दोन उतारांमधला कोन ६० अंशांचा असतो. १९०२ मध्ये इंग्लंडच्या सायकल अभियंत्यांनी आपली मापं ठरवली तेव्हा हाच कोन धरला होता. रंग उतारावर बसतो आणि त्याची जाडी आपण उताराला काटकोनात मोजतो. पण कप शिरतो तेव्हा जागा लागते ती नळीच्या मध्याच्या दिशेने. त्या दिशेने मोजलं तर उतार तिरपा असल्यामुळे तीच जाडी दुप्पट पडते. नळीच्या समोरच्या भिंतीवरही तेवढाच रंग, म्हणून व्यासात एकूण चौपट. ८० मायक्रॉनच्या थराने आट्यांचा व्यास ०.३२ मिलिमीटरने आवळला जातो. आटाच मुळी अर्ध्या-पाऊण मिलिमीटर खोलीचा आणि कप फिरण्यापुरती ठेवलेली मोकळीक त्याहून कितीतरी कमी. पाइप लावून जोर केला असता, तर कप वाकडा शिरून लोखंडच सोललं असतं.

पावडर कोटिंगची एक गंमतही इथे दिसते. पावडरच्या कणांना विजेचा भार देऊन ते फ्रेमवर फवारतात. फ्रेम अर्थिंगला जोडलेली असल्यामुळे कण तिच्याकडे ओढले जातात. पण विद्युतक्षेत्र अरुंद पोकळीत खोलवर शिरत नाही, कडांवर मात्र एकवटतं. त्यामुळे नळीच्या तोंडाशी रंगाचा जाड थर आणि आत जावं तसा तो पातळ. दाभणाने खरवडून पाहिलं तर तसंच निघालं. पहिले तीन-चार आटे बुजलेले, त्यापुढचे बरे.

मग फ्रेम मेकॅनिककडे नेली. त्याने आधी थिनर मागवला. पेट्रोल पंपाशेजारच्या पेंटरकडचा थिनर जुन्या लॅकरवर जादू करतो, कारण लॅकर नुसता वाळलेला असतो आणि द्रावकात पुन्हा विरघळतो. ऑइलपेंटचं तसं नाही. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, त्यामुळे थिनरने सुजतो, सुरकुततो, पण विरघळत नाही. पावडरची गोष्ट आणखी पुढची. भट्टीत १८० ते २०० अंश सेल्सिअसला तिचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन सगळ्या थराचं एकच जाळं होतं. गुऱ्हाळावरचा गूळ पुन्हा तापवला की पातळ होतो. उकडलेलं अंडं कितीही तापवा, ते पुन्हा पातळ होत नाही. पावडर ही अंड्याच्या जातीची. अर्धा तास थिनरचा बोळा कोंबून ठेवला, बोटं तेवढी कोरडी पडली.

बाजारात मिळणारे काही पेंट रिमूव्हर या जाळ्यालाही फुगवतात. त्यांतल्या जोरकस प्रकारात मिथिलीन क्लोराइड असतं. त्याचे लहान रेणू थरातून आरपार शिरतात आणि रंग खालून सुटतो. पण त्याची वाफ बंद खोलीत जीव घेऊ शकते. घरगुती रंग काढण्यासाठी त्याची विक्री अमेरिकेने २०१९ मध्ये बंद केली, तीही अनेक मृत्यूंनंतर. शिवाय नळीत ओतलेला रिमूव्हर ओघळून बाहेर आला, तर चारशे-पाचशे रुपयांची हौस दोन मिनिटांत फोडांसारखी उठेल. मी तो वापरला नाही.

उष्णतेचा उपयोग मात्र होतो. वितळली नाही तरी ही पावडर साठ-सत्तर अंशांच्या वर गेली की रबरासारखी मऊ पडते. हॉट एअर गन नळीच्या तोंडापुरती बेताने धरायची आणि दाभण आट्याच्या खाचेतून फिरवत न्यायचं. रंग दोऱ्यासारखा निघतो. मागून पितळी तारांचा ब्रश. पितळ रंगापेक्षा कठीण पण पोलादापेक्षा मऊ, म्हणून ते रंग ओरबाडतं आणि आट्याला सोडून देतं. जुनी, पहिल्या रंगानंतर पुन्हा कधीच न रंगवलेली फ्रेम असेल तर एवढी एक काळजी घ्या: गंज रोखण्यासाठी पूर्वी पोलादावर जो तांबडा प्रायमर लावत, तो बहुधा शिशाचा असे. म्हणजे चक्क शेंदूर, ओझरच्या आणि लेण्याद्रीच्या गणपतीला परंपरेने लावतात तोच. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१७ मध्ये अमलात आला. त्यामुळे जुना तांबडा थर कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये आणि तापवू तर मुळीच नये.

उरलेली कसर टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, काढतात. टॅप रंगाबरोबर लोखंडही कापू शकतो, आणि पन्नास वर्षं झिजलेल्या आट्यात कापायला फारसं लोखंड उरलेलं नसतं. बीबीचा टॅप आमच्या भागात कुणाकडे मिळालाही नाही. मेकॅनिकने आमच्या डब्यातून दोन जुने कप काढले आणि हॅकसॉने त्यांच्या आट्यांवर आडव्या चार-चार खाचा पाडल्या. झालं काम! खाचेची कड रंग खरवडते, खरवडलेला भुगा खाचेत साठतो, आणि ती कड नळीचं पोलाद कापण्याइतकी धारदार नसते. रॉकेलचे दोन थेंब, अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. मधूनमधून कप काढून खाचा पुसायच्या.

सुरुवात साधणं सर्वांत अवघड, कारण नेमकं तोंडाशीच सगळं बुजलेलं. त्यावर मेकॅनिकची युक्ती अशी: कप टेकवून आधी उलटा फिरवायचा. आट्याचं टोक आट्याखाली घसरतं तिथे बारीकसं ‘टक्’ होतं. तिथून सुलटा.

यात सुलटं कुठलं हेही बाजूवर ठरतं. ब्रिटिश मापात चेनच्या बाजूचे, म्हणजे उजवीकडचे, आटे उलटे असतात. तिकडचा कप डावीकडे फिरवला की आवळतो. याचं कारण बांगड्यांनी पाहता येतं. मोठ्या बांगडीच्या आत लहान बांगडी टेकवून, न घसरू देता एका दिशेने लोळवत न्या. लहान बांगडी स्वतःभोवती मात्र विरुद्ध दिशेने फिरताना दिसेल. पायडल मारताना दाब असाच गोल फिरतो आणि किंचित सैल असलेला कप हळूहळू विरुद्ध दिशेला सरकतो. उजवीकडे सुलटे आटे असते, तर प्रत्येक फेरीबरोबर कप थोडाथोडा सुटत गेला असता. इटलीच्या जुन्या सायकलींना दोन्हीकडे सुलटेच आटे असतात, आणि तिथले लोक उजवीकडचा कप फार आवळून बसवतात.

संध्याकाळपर्यंत दोन्ही कप नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेले. उघड्या पडलेल्या पोलादाला लगेच ग्रीस चोपडलं, कारण बाहेर भुरभुर सुरू झाली होती. फ्रेम रंगाला देतानाच जुने कप आट्यांत घालून दिले असते, तर आमचा आख्खा दिवस वाचला असता, असं मेकॅनिक म्हणाला. मग त्याने खाचा पाडलेले ते दोन कप माझ्याकडून मागून घेतले. त्याच्या दुकानात रंगवून आलेल्या आणखी दोन फ्रेमी टांगलेल्या होत्या.