तार हलली, किती लांब कळलं?

लंबक हवेत झुलताना हवा त्याला किती अडवते, याचा हिशेब केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स मांडत होते. लंबकाच्या गोळ्याचं उत्तर चोख आलं. मग ते गोळा टांगलेल्या तारेकडे वळले आणि गणित अडलं. 1851 साली छापलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं, की अनंत लांबीची तार चिकट द्रवातून संथपणे आडवी ओढली, तर तिच्यामागे फरफटणारा द्रव वाढतच जातो, स्थिर प्रवाह जमतच नाही. हाच स्टोक्सचा विरोधाभास.

गोळा आणि तार यांत असा काय फरक? गोळ्याचा जोर चहूकडे पसरतो. अंतर दुप्पट झालं, की तो चौपट पृष्ठभागावर वाटला जातो आणि दूरचा द्रव शांत राहतो. तारेचा कुठलाही आडवा छेद घ्या, चित्र तेच. म्हणजे प्रवाह द्विमितीय. इथे जोर वर्तुळांवर वाटला जातो, आणि दुप्पट अंतरावर परीघही फक्त दुप्पट. एवढ्या वाटणीनं भागत नाही. अंतर दुप्पट करत जा, दर टप्प्याला वेगात तेवढाच फरक पडतो. वीतभर अंतरावर पडतो तसा चंद्राच्या पलीकडेही!

1910 मध्ये स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म ओसीन यांनी मेख शोधली. स्टोक्सनी द्रवाचं जडत्व सोडून दिलं होतं. तारेजवळ ते खपतं. पण लांब गेल्यावर चिकटपणाची पकड सैल होते आणि तेच जडत्व डोईजड होतं. ते धरलं, की तारेच्या नजरेतून वाहता दिसणारा द्रव तिची खूण मागे एका रुंदावत जाणाऱ्या पट्ट्यातून वाहून नेतो. चौपट लांब जा, पट्टा दुप्पट रुंद होतो आणि वेगातली तूट निम्मी.

ओसीनचं समीकरणही सोपं केलेलंच होतं. चिकट द्रवाच्या गतीच्या मूळ, म्हणजे नाव्हिए-स्टोक्स समीकरणांची स्थिर उत्तरं फ्रान्सच्या ज्याँ लरे यांनी 1933 मध्ये रचली, पण द्विमितीत दूरवर ती कशी वागतात, हे कळेना. मंद प्रवाहांपुरतं कोडं 1967 मध्ये फिन आणि स्मिथ यांनी सोडवलं. अखेर 2019 मध्ये कोरोब्कोव, पिलेत्स्कास आणि रुस्सो यांनी सिद्ध केलं, की घर्षणात खर्च होणारी ऊर्जा सांत असेल, तर असा प्रवाह सर्व दिशांना एकाच ठरावीक वेगाकडे स्थिरावतो.

तारेपासून दूर पाणी शेवटी काय करतं, एवढं सांगायला स्टोक्सनंतर 168 वर्षं लागली.