आखोर्का

मराठींत 'तोडे' म्हटलें म्हणजे ते हातांतले कीं पायांतले, हें संदर्भावरून ठरतें. स्पॅनिश भाषेंतील 'आखोर्का' हा शब्दही असाच आहे. सोन्याचें, रुप्याचें किंवा अन्य धातूचें जें कडें स्त्रिया मनगटांत, दंडांत अथवा पायाच्या घोट्यावर घालीत, त्यास हें नांव.

परंतु हा शब्द मूळचा स्पॅनिश नव्हे. इ. स. ७११ मध्यें मुसलमान सैन्य स्पेनमध्यें उतरलें, आणि पुढें सुमारें पावणेआठशें वर्षें त्या देशाच्या कोणत्या ना कोणत्या भागावर मुसलमानांची सत्ता राहिली. तेथील अरबींत या अलंकारास 'शुर्का' म्हणत. त्यामागें 'अल्' हें उपपद लागून 'अश्शुर्का' असा उच्चार होई. शेजारच्या ख्रिस्ती लोकांनीं तो उपपदासकट उचलला व 'आशोर्का' असा आपलासा केला.

१४९२ मध्यें ग्रानाडाचें राज्य बुडालें. तेथील मुसलमानांस पुढें सक्तीनें ख्रिस्ती करण्यांत आलें. त्यांस 'मोरिस्को' म्हणत. १५६७ मध्यें राजा दुसरा फिलिप यानें त्यांची अरबी भाषा, त्यांचा पेहराव, फार काय, त्यांचीं स्नानगृहेंदेखील बंद करणारा हुकूम जारी केला. बंड झालें, तें मोडण्यांत आलें. अखेर १६०९ ते १६१४ या अवधींत सुमारें तीन लक्ष मोरिस्को देशोधडीस लागले.

याच सुमारास स्पॅनिशमधील 'श' चा 'ख' होत गेला, आणि 'आशोर्का' ची 'आखोर्का' झाली. ज्यांनीं अरबी बोलणें गुन्हा ठरविलें, त्यांच्याच भाषेंत हा अरबी शब्द नांदत राहिला.

१८६१ मध्यें बेकेर या लेखकानें 'सोन्याची आखोर्का' ही कथा लिहिली. टोलेडोच्या महामंदिरांतील मेरीमातेच्या हातांतील आखोर्का एका तरुणीच्या मनांत भरते. तिच्यासाठीं प्रियकर चोरी करावयास जातो, आणि सकाळीं तो वेडा झालेला आढळतो. मूर्ति ख्रिस्ती, अलंकाराचें नांव अरबी. परंतु त्यांत कोणासही विसंगति दिसत नाहीं!

आज पायांतील साखळीस स्पॅनिशमध्यें 'तोबिय्येरा' म्हणतात. 'तोबिय्यो' म्हणजे घोटा. लचकलेल्या घोट्यास बांधावयाच्या पट्ट्यासही तोच शब्द चालतो. आखोर्का आतां बहुधा पुस्तकांतच भेटते. पण कोशांत तिची जागा कायम आहे. राजाज्ञेनें माणसें हद्दपार करतां आलीं; शब्दास मात्र ती आज्ञा लागू पडली नाहीं.