पेल्याचा आकार आणि मालाची पारख
कोलकात्याच्या चहा-परीक्षणातून वाइन-द्राक्ष उत्पादकांनी काय घ्यावे?

शेतमालाची प्रत शेतात घडते आणि प्रक्रियागृहात टिकते किंवा बिघडते. तिचा अखेरचा निवाडा मात्र अनेकदा एखाद्या लहानशा पात्रात होतो. वाइन-द्राक्षाचा उत्पादक छाटणी, पाणी, साखरेचे प्रमाण आणि आम्लता यांचा हिशेब काटेकोरपणे ठेवतो. त्याच द्राक्षाची वाइन ज्या पेल्यातून हुंगली आणि चाखली जाते, त्या पेल्याकडे मात्र शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते. पेल्याचा आकार, काचेची जाडी आणि भरण्याची पातळी यांमुळे तीच वाइन वेगळी भासते, तिचा दोष झाकला जातो किंवा उघडा पडतो, आणि ती किती प्यायली जाते हेही काही अंशी ठरते. हा विषय समजून घेण्यासाठी वाइनच्या प्रदेशाबाहेरचे एक शहर फार उपयोगी पडते. ते शहर म्हणजे कोलकाता.

नीलहाटमधील पांढरा कप

भारतातील चहाचा पहिला सार्वजनिक लिलाव २७ डिसेंबर १८६१ रोजी कोलकात्यात झाला. या व्यापारातील जे. थॉमस ही जुनी दलाली पेढी १८५१ मध्ये प्रामुख्याने निळीच्या व्यवहारासाठी उभी राहिली होती. तिच्या इमारतीचे 'नीलहाट हाउस' हे नाव त्या निळीच्या बाजाराची आठवण आजही जपून आहे. लिलाव आता संगणकावर होतो. चहाची किंमत अंदाजण्यापूर्वी त्याची चव घेण्याची पद्धत मात्र बदललेली नाही.

परीक्षण-कक्षात लांबलचक टेबलांवर पांढऱ्या चिनी मातीचे कप ओळीने मांडलेले असतात. चहाच्या अशा परीक्षणासाठी आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा घ्यावयाचा, उकळते पाणी ओतून झाकण ठेवावयाचे आणि ६ मिनिटे थांबावयाचे. भांडे पांढऱ्या चिनी मातीचे किंवा झिलईदार मातीचे असावे लागते. त्याच्या कडेला दाते असतात. त्यामुळे अर्क वाडग्यात उतरतो आणि पाने मागे राहतात. नंतर झाकण उलटे करून ही भिजलेली पाने त्यावर काढून ठेवतात. परीक्षक पानांचा रंग पाहतो, गंध घेतो, अर्क चमच्याने जोरात ओढून तोंडभर फिरवतो आणि थुंकून टाकतो.

जोरात ओढण्यामागे कारण आहे. अर्क हवेत मिसळून तोंडात पसरला की त्यातील सुगंधी द्रव्ये घशाच्या मागील मार्गाने नाकापर्यंत पोहोचतात. आपण ज्याला 'चव' म्हणतो तिचा मोठा भाग प्रत्यक्षात गंधाचा असतो. सर्दी झाली असता अन्न बेचव का लागते, याचे उत्तरही हेच.

या सर्व शिस्तीचा हेतू एकच आहे. एका कपात आणि दुसऱ्या कपात फरक आढळला, तर तो चहाचाच असला पाहिजे. भांड्याचा, पाण्याचा किंवा वेळेचा नव्हे. देशातील सुमारे निम्मा चहा आज लहान उत्पादकांच्या हिरव्या पानांपासून तयार होतो. जलपाईगुडी किंवा उत्तर दिनाजपूर भागातील असा उत्पादक आपली पाने कारखान्याला विकतो. तयार चहाला लिलावात मिळणाऱ्या किमतीचा परिणाम पानांच्या दरावर होतो. त्यामुळे शेकडो किलोमीटरवरील कपाची शिस्त हा त्याच्या दृष्टीने उत्पन्नाचा प्रश्न ठरतो.

रस्त्यावरचे मातीचे भांड

त्याच कोलकात्यात रस्त्यावरचा चहा मातीच्या लहान बोळक्यात मिळतो. बंगालीत त्याला 'भाँड़' म्हणतात. मराठीतील 'भांडे' हा त्याच कुळातला शब्द. हे बोळके झिलई नसलेले, सच्छिद्र आणि एकदाच वापरावयाचे असते. गरम चहा पडताच भाजलेली माती थोडे पाणी शोषते आणि पहिल्या पावसासारखा वास सोडते. दूध-साखरेच्या उकळलेल्या चहाला हा मृद्गंध शोभतो आणि ग्राहकाला तो हवाच असतो.

परीक्षकाच्या टेबलावर मात्र या भांड्याला जागा नाही, कारण ते स्वतःचा गंध चहात मिसळते. यातून एक उपयुक्त भेद हाती येतो. परीक्षणाचे पात्र मूक असावे लागते, तर आस्वादाचे पात्र बोलके असले तरी चालते. वाइनचा पेला या दोन्ही भूमिका करतो. म्हणून त्याची रचना नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

पेल्याचा प्रत्येक भाग काय करतो?

वाइनच्या परीक्षणासाठी १९७७ मध्ये आयएसओ ३५९१ हे मानक निश्चित झाले. त्यातील पेला एकूण सुमारे १५५ मिलिमीटर उंच असतो. त्याच्या पोटाचा सर्वांत रुंद भाग ६५ मिलिमीटर, तर तोंड ४६ मिलिमीटर असते. त्यात सुमारे २१५ मिलिलिटर द्रव मावतो, पण परीक्षणासाठी केवळ ५० मिलिलिटर वाइन घेतात. ही मापे विचारपूर्वक ठरविलेली आहेत.

*दांडा:* तळहाताची ऊब वाइनपर्यंत पोहोचू नये म्हणून पेला दांड्याला धरतात. पोटाला धरल्यास थंड पांढरी वाइन लवकर कोमट होते आणि काचेवर बोटांचे ठसे उमटून रंग नीट दिसत नाही.

*पोट:* रुंद पोटामुळे वाइनचा अधिक पृष्ठभाग हवेच्या संपर्कात येतो. पेला हलकेच फिरविला की सुगंधी द्रव्ये मोकळी होतात. पेला काठोकाठ भरल्यास फिरविताच येत नाही; म्हणून तो साधारण एक-तृतीयांशच भरावा.

*तोंड:* वर निमुळते होत गेलेले तोंड मोकळा झालेला गंध पेल्याच्या पोकळीत धरून ठेवते. पसरट तोंडाच्या पेल्यातून तो लगेच विरून जातो.

*काच:* ती रंगहीन, नितळ आणि नक्षीविरहित असावी. कड पातळ असल्यास घोट ओठांवरून सहज आत जातो; जाड कडेची जाणीव वाइनच्या आधी होते.

वाइनच्या प्रकारानुसारही आकार बदलतो. शिराज किंवा काबर्ने सोव्हिन्योंसारख्या लाल वाइनला मोठे पोट मानवते. शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनसाठी लहान पेला घेतात. थोडी थोडी वाइन ओतली की ती थंड राहते. फेसाळ वाइनचा उंच, अरुंद पेला हवेशी संपर्क कमी ठेवून बुडबुडे टिकवितो. पूर्वी प्रचलित असलेल्या पसरट पेल्यातून कार्बन डायऑक्साइड झपाट्याने निघून जातो.

शास्त्र कोठपर्यंत साथ देते?

ऑस्ट्रियातील काच-निर्माते क्लाउस रीडेल यांनी १९७३ मध्ये वेगवेगळ्या वाइनसाठी वेगवेगळ्या पेल्यांची मालिका बाजारात आणली. पुढे असे सांगितले जाऊ लागले की, विशिष्ट पेला वाइनला जिभेच्या विशिष्ट भागावर नेतो. टोकाला गोड कळते, कडांना आंबट. जिभेचा हा 'नकाशा' १९०१ मधील एका जर्मन संशोधनाच्या चुकीच्या आकलनातून रूढ झाला होता. प्रत्यक्षात सर्व मूळ चवी जिभेच्या चवग्राही असलेल्या सर्व भागांना कळतात. या कारणासाठी महागडा पेला घेण्याची गरज नाही.

आकाराचा परिणाम नाकाला मात्र निश्चित जाणवतो. टोकियोतील संशोधकांनी २०१५ मध्ये अल्कोहोलच्या वाफेचे चित्र टिपणारा कॅमेरा वापरून तीन पेल्यांची तुलना केली. वाइन १३ अंश सेल्सिअसला असताना वाइनच्या पेल्यात अल्कोहोलची वाफ कडेलगत कड्यासारखी गोळा झाली आणि मध्यभागी ती विरळ राहिली. सरळ ग्लासात आणि पसरट कॉकटेल पेल्यात असे कडे दिसले नाही. अल्कोहोलची तीव्र वाफ नाकाला झोंबते आणि नाजूक गंध झाकते. ती जेथे विरळ आहे तेथे फळाचा गंध ओळखणे सोपे जाते. तापमान २५ अंशांवर गेल्यावर वाइनच्या पेल्यातही ते कडे राहिले नाही.

हा शेवटचा निष्कर्ष महाराष्ट्रासाठी मोलाचा आहे. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी' हा सल्ला युरोपातील थंड घरांतून आला. नाशिकच्या एप्रिलमध्ये खोलीचे तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. लाल वाइनही १६ ते १८ अंशांपर्यंत थंड करून द्यावी. अन्यथा उत्तम पेलाही तिला वाचवू शकत नाही.

पेला वाढला, घोटही वाढला

पेल्याचा परिणाम प्रमाणावरही होतो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये इंग्लंडमधील ३०० वर्षांच्या पेल्यांची मापे तपासली. इसवी सन १७०० च्या सुमारास सरासरी ६६ मिलिलिटर असलेला पेला २०१७ पर्यंत ४४९ मिलिलिटरवर गेला होता. म्हणजे जवळजवळ सातपट. त्याच संशोधकांच्या पुढील अभ्यासात, उपाहारगृहांत ३०० ऐवजी ३७० मिलिलिटरचा पेला वापरल्यावर वाइनची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी अधिक आढळली. मद्यगृहांत मात्र असा स्पष्ट परिणाम दिसला नाही.

मोठ्या पेल्यातील १५० मिलिलिटर वाइन डोळ्यांना थोडी वाटते आणि ओतणाऱ्याचा हात सैल सुटतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून असे पाचच पेले भरतात, हा हिशेब प्रत्येक चव-कक्षात डोळ्यांसमोर असावा. मद्यसेवन वाढविणे हे चव-परीक्षणाचे उद्दिष्ट नाही. चहा-परीक्षकाप्रमाणे वाइन-परीक्षकही घोट थुंकून टाकतो, आणि त्यासाठीचे भांडे टेबलावर ठेवणे हा शिष्टाचारच आहे.

उत्पादकाचा संबंध कोठे येतो?

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि नाशिक परिसरात वाइन-द्राक्षाची लागवड वाढली. बहुतेक उत्पादक द्राक्ष देऊन मोकळे होतात. आपल्या द्राक्षाची वाइन ते क्वचितच चाखून पाहतात. परिणामी बागेतील कोणत्या चुकीचा गंध पुढे बाटलीत उतरतो, हे त्यांना कळत नाही. कुजके किंवा फुटलेले मणी तोडणीत आले, की व्हिनेगरसारखा आंबूस वास येण्याचा धोका वाढतो. तोडलेला माल उन्हात ताटकळला, तर फळाचा ताजेपणा हरवतो. हे दोष स्टीलच्या पेल्यात किंवा प्लॅस्टिकच्या कपात सहज निसटतात. निमुळत्या तोंडाच्या काचेच्या पेल्यात ते पहिल्याच श्वासात ओळखता येतात. मालावर दोष दाखविला गेला असता त्याची शहानिशा करण्याचे साधनही उत्पादकाला त्यातूनच मिळते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सोपे प्रात्यक्षिक

१. निमुळत्या तोंडाचा वाइनचा पेला, सरळ काचेचा ग्लास, स्टीलचा पेला आणि मातीचे बोळके अशी चार पात्रे घ्यावीत. ती गरम पाण्याने धुऊन निथळू द्यावीत. साबणाचा किंवा कपाटाचा वास राहू देऊ नये.

२. प्रत्येकात एकाच बाटलीतील ५० मिलिलिटर वाइन ओतावी. मद्य न घेणाऱ्या गटासाठी द्राक्षरस वापरावा. 'मांजरी मेडिका' या रसाच्या वाणाचा रस त्यास योग्य आहे.

३. तबकडीने झाकून ५ मिनिटे ठेवावे. मग न हलविता आणि नंतर फिरवून गंध घ्यावा. शेवटी चव घ्यावी.

४. सहभागींनी आपापसांत न बोलता रंग, गंध व चव यांची नोंद करावी. नोंदी पूर्ण झाल्यावरच चारही पात्रांत एकच पेय होते हे सांगावे.

५. दुसऱ्या फेरीत एकाच आकाराच्या चार पेल्यांत चार वेगवेगळे नमुने ठेवून त्यांना सांकेतिक क्रमांक द्यावेत.

पहिल्या फेरीत पात्राचा प्रभाव कळतो, दुसरीत मालाचा फरक. याच शिस्तीने मध, काकवी किंवा फळांचे रस यांचीही तुलना करता येते. गावातील उत्पादक गटाने सारख्या आकाराचे १२ साधे, रंगहीन पेले एकदा विकत घेऊन ठेवल्यास प्रत्येक हंगामाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतील. पेले महाग असण्याची गरज नाही. ते सर्व एकसारखे असावेत आणि दर वर्षी तेच वापरावेत.